पहिल्याच ओळीला अडलेला अनुवाद

अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी क्लॉड मॅके, त्याच्या ‘इफ वी मस्ट डाय’ या इंग्रजी कवितेचा मराठी अनुवाद सकाळी पुरा झाला होता. दुपारच्या चाचणी वाचनात तो पहिल्याच ओळीला अडला.

कविता जुलै 1919 मधली. त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन, शिकागो अशा शहरांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. मॅके तेव्हा रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर होता. ही कविता त्याने सोबतच्या कामगारांना वाचून दाखवली होती. 14 ओळींत ‘काळा’ नाही, ‘गोरा’ नाही, शहराचं नाव नाही. अनुवादकाला शत्रूचं नाव घालायचा मोह होतो. घालू नये, नाव नाही म्हणूनच ती कविता कुठेही लागू पडते.

मूळ सुनीत, म्हणजे सॉनेट, म्हणून पहिला खर्डा मी शार्दूलविक्रीडित वृत्तात केला होता. ओळीला 19 अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. गण जुळवायला संस्कृत शब्द ओढून आणले आणि मरणाच्या दारातली माणसं शास्त्रीबुवांसारखी बोलू लागली. मग मुक्तछंद घेतला, यमक फक्त शेवटच्या दोन ओळींना. तिथलं ‘भिंतीला पाठ टेकली’ खोडलं, कारण कुस्तीत पाठ टेकली की हार. नवव्या ओळीतल्या ‘किन्समेन’ला ‘भाऊबंद’ म्हटलं तर बांधाची भांडणं आठवतात, ‘बांधवांनो’ म्हटलं तर प्रचारसभा. ‘गड्यांनो’ चपखल वाटलं.

पहिली ओळ होती, मरायचंच तर डुकरांसारखं नको. श्रोत्यांतल्या एक आजी म्हणाल्या, “बाळा, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळली. आम्ही ह्यात कुठं बसायचं?”

चूक माझी. मराठीत ही नुसती शिवी नाही, ती ठरावीक जातींवरच फेकली जाते. ‘मेंढरं’ करून पाहिलं, तर मुकाट मागे जाणारी माणसं दिसली. ‘ससे’ म्हणजे भित्रे. शेवटी प्राण्याचं नावच काढलं आणि भार शिकारीवर टाकला: ‘हाकारा घालून कोंडलेल्या जनावरागत नको’. इंग्रजीतलं ‘हॉग्ज-डॉग्ज’ यमक गेलं. तिसऱ्या ओळीतली पिसाळलेली कुत्री तेवढी राहिली.

दुसऱ्या वाचनात त्या ओळीला कुणी अडलं नाही. नवव्या ओळीत ‘गड्यांनो’ आलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

“आणि आम्ही?”