नागपूरपुरतं कपाट: उन्हाळ्यापासूनची भर

मंडळी, मागे लिहिलं होतं तसं जगभराची नाणी जमवणं थांबवलंय. देशोदेशीची निकेलची चिल्लर ओळखीच्या एका शाळकरी पोराला देऊन टाकली (पोरगं खूश, त्याची आई नाही) आणि कपाटाला एकच अट घातली: आत येणाऱ्या वस्तूचं नागपूरशी, फार तर विदर्भाशी, नातं लागलं पाहिजे. खर्च कमी होईल अशी आशा होती, ती फोल ठरली. पण साधा राणीछाप रुपयासुद्धा आता नीट बघितला जातो, हा फायदा मोठा आहे.

सगळ्यात आधी नागपूरकर भोसल्यांचा रुपया. इतवारीच्या सराफ्यात मोडीला आलेल्या पैंजण-वाळ्यांच्या ढिगात सापडला. दुकानदार म्हणाला, "राणीछाप असता तं बाजूले ठेवला असता. याच्यावर त काही वाचताच येत नाही. चांदीच्या भावात घेऊन टाका न भाऊ." घेऊन टाकला.

वाचता येत नाही हे खरंच, आणि त्याचं कारण साधं आहे. साचा मोठा आणि चांदीची चकती लहान. घणाचा ठोका पडला की लेखाचा जेवढा भाग चकतीवर आला तेवढा आला, बाकीचा हवेत. पूर्ण लेख फारसीत असतो 'सिक्का मुबारक बादशाह गाझी अहमद शाह बहादूर'. माझ्या नगावर त्यातला 'अहमद' स्वच्छ आहे, 'शाह'चा शेपटाकडचा भाग आहे आणि 'मुबारक'चं टोक आहे. मागच्या बाजूला 'सनह जुलूस मैमनत मानूस' या ठरलेल्या ओळीतला 'मैमनत' दिसतो. टाकसाळीचं नाव जिथे यायचं तिथेच नेमकी चकती संपली. शिवाय काठाजवळ सराफांनी कस बघायला मारलेल्या दोन खुणा आहेत, एक चांदणीसारखी. काही जणांना अशा खुणांनी नाणं बिघडलं असं वाटतं. मला तर त्या आवडतात. नाणं बाजारात फिरलं याची ती पावतीच.

मुघल बादशाह अहमदशाह बहादूर दिल्लीच्या गादीवर होता १७४८ ते १७५४, जेमतेम सहा वर्षं. त्याचे डोळे काढून त्याला कैदेत टाकलं, तरी भोसल्यांच्या टाकसाळीत त्याच्या नावाचे रुपये पुढेही पडतच राहिले. यात निष्ठेचा भाग किती हे सोडा. सराफाच्या ओळखीचा शिक्का असला की रुपया बट्ट्याविना, म्हणजे किंमत न कापता, चालतो, हा व्यवहार होता. इंग्रजांच्या कंपनीनेही १८३५ पर्यंत शाहआलमच्या नावाने रुपये पाडलेच की.

आता हा नागपूरचा की कटकचा? रघुजीराजांच्या हाती ओडिशा आलं १७५१ मध्ये आणि १८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघुजींच्या हातून गेलं. मधली पन्नासेक वर्षं कटक भोसल्यांचंच, त्यामुळे कटकचा निघाला तरी माझ्या अटीत बसतो. पाकिटावर मी लिहिलंय: 'नागपूरकर भोसले, अहमदशाहच्या नावे, टाकसाळ अनिश्चित'. विक्रेते अशा प्रत्येक नाण्यावर 'नागपूर टाकसाळ, दुर्मीळ' लिहून दुप्पट भाव लावतात. टाकसाळीचं एखादं तरी अक्षर दाखवा म्हटलं की विषय बदलतात.

दुसरी भर म्हणजे १८७७ चा राणीछाप. तसा हा काही दुर्मीळ नव्हे. पण १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची गिरणी नागपुरात सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. रुपयावरही त्याच वर्षापासून 'व्हिक्टोरिया क्वीन' जाऊन 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' आलं. गिरणीच्या जागी आज मॉल आहे, तिथे खरेदीला जाणाऱ्या किती जणांच्या घरच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाचा म्हणून हाच रुपया असेल! माझा नग मध्यम झिजलेला आहे. राणीच्या मुकुटावरची नक्षी अर्धीअधिक गेलीय, गळ्यातल्या हाराचे मणी मात्र मोजता येतात. साल छान.

या रुपयांच्या नकला बाजारात इतक्या आहेत की आता प्रत्येक चांदीचं नाणं पाण्यात बुडवून तपासतो. नवीन मंडळींसाठी पद्धत सांगतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा लागतो. आधी नाण्याचं कोरडं वजन घ्यायचं. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरायचं. तळाला किंवा कडेला टेकलं तर मोजणी वाया. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटकायचे. काट्यावर जो आकडा येतो तेवढ्या ग्रॅमचं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. राणीछापात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं, म्हणजे १०.३ च्या आसपास यायला हवी. माझा १८७७ चा रुपया: वजन ११.६१, पाण्यात १.१२, भागाकार १०.३७. टाकसाळीतून निघताना वजन ११.६६ असायचं, म्हणजे झीजही रास्त. त्याच दिवशी एकाने दाखवायला दिलेला 'एम्प्रेस': वजन १०.९२, पाण्यात १.२७, भागाकार ८.६. पितळेवर मुलामा. काट्यातल्या एका शतांशाच्या फरकाने उत्तर ०.१ इकडेतिकडे होतं, त्यामुळे १०.२ आणि १०.४ वर वाद घालू नका. घनता बरोबर आली म्हणून नाणं अस्सल ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या. चांदीतल्या नकलाही असतात. पण धातूतला खोटेपणा पकडायला पेला पुरतो. भोसल्यांचा रुपया १०.३ आला, बरं वाटलं.

सर्वांत जुनी भर एका लिलावातल्या लॉटमधून आलेली, कागदपत्रांसकट: सातवाहनांचं पोटीनचं छोटं नाणं. पोटीन म्हणजे तांबं, शिसं, कथिल यांचा मिसळ धातू. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. वर ब्राह्मीत 'रञो सिरि' (राजा श्री) एवढंच, राजाचं नाव काठाबाहेर. पुन्हा तेच दुखणं! याच जातीच्या नाण्यांचा मोठा साठा १९३९ मध्ये विदर्भातल्याच तऱ्हाळ्याला सापडला, आणि नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतही न सापडणारी नावं वाचून काढली. शेतात सापडलेलं नाणं म्हणून कोणी थेट विकायला आणलं तर मात्र हात लावू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

पदकांच्या कप्प्यात काही नवीन नाही. 'आर्मी ऑफ इंडिया' पदक, फितीवर सीताबर्डीच्या लढाईच्या नावाची पट्टी असलेलं, हे स्वप्न आहे आणि माझ्या पगारात स्वप्नच राहील. नागपूरचे अप्पासाहेब भोसले आणि इंग्रजांची कंपनी यांची ही लढाई झाली नोव्हेंबर १८१७ मध्ये, कंपनीच्या बाजूने लढलेल्यांना पदक मंजूर झालं १८५१ मध्ये, तेही तोवर हयात असलेल्यांनाच. विशीतला शिपाई चोपन्न वर्षांचा झाल्यावर छातीवर चांदी लावणार. अप्पासाहेबांच्या बाजूने लढलेल्यांना अर्थातच काही नाही. या पदकाच्या नकला पुष्कळ येतात, तेव्हा कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण नसेल तर मी पाकीट उघडतच नाही.

टोकनांत एक बिल्ला मिळाला: पितळेचा, लंबगोल, वर भोक, मध्ये ठोकलेला आकडा आणि 'बी. एन. आर.' ही इंग्रजी अक्षरं. बेंगॉल नागपूर रेल्वे. कारखान्यातल्या हत्यारांचा असावा की हजेरीचा, यावर आमच्या रविवारच्या चहाच्या टेबलावर दोन तट आहेत. मी हत्यारांच्या बाजूचा, कारण भोकाची वरची कड खिळ्यावर टांगून टांगून लांबट झिजलीय.

जपणुकीचं थोडं. मे महिन्यात कूलर चालतो त्या खोलीत नाणी ठेवू नका. बाहेर पंचेचाळीस अंश आणि खोलीत ओल, अशात मऊ प्लास्टिकची पाकिटं चिकट होतात आणि तांब्यावर हिरवा थर धरतो. मी सगळी नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत हलवलीत, डब्यात सिलिका जेल, डबा आतल्या खोलीच्या लोखंडी कपाटात. चिंच आणि पितांबरी स्वयंपाकघरात ठेवा, नाण्यांजवळ आणू नका.

कोणाकडे टाकसाळीचं नाव स्पष्ट दिसणारा भोसल्यांचा रुपया असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो आणि वजन पाठवा. बी. एन. आर.चा दुसरा बिल्ला असेल तर भोकाचाही जवळून फोटो काढा, रविवारी लागेल.