मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर गोळी का देत नाही?

"दादा, दोनच द्या. मागच्या वर्षीची चिठ्ठी आहे की!" आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वरचेवर ऐकतो. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : मन शांत करायची साधी गोळी, एवढं काय त्यात? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही एकाच घराण्यातली औषधं, बेन्झोडायझेपिन. मेंदूला आवर घालणारं 'गाबा' नावाचं रसायन आपल्यात असतंच, या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. म्हणून छातीतली धडधड लवकर खाली येते. घाबरून गेलेल्या माणसाला तो आराम केवढा वाटतो हे मी पाहिलंय, त्यामुळे या गोळ्यांना मी वाईट म्हणणार नाही. चिंतेवरचं रोजचं दुसरं औषध लागू पडायला काही आठवडे जातात. तोवरचा आधार म्हणून डॉक्टर या गोळ्या देतात, शक्यतो दोन ते चार आठवडे. चिठ्ठीवरचे ते दिवस आपण वाचतच नाही, पॉवर तेवढी बघतो.

काका गेल्यावर माझ्या मावशीला अल्प्राझोलॅम पॉइंट फाइव्ह मिलिग्रॅमची अर्धी गोळी सुरू झाली. अर्धीची एक झाली, दोन वर्षांत दिवसाला चार. चिठ्ठी तीच, दुकानं वेगवेगळी. बाहेरून आवर मिळत राहिला की मेंदू स्वतःचा सैल सोडतो, हे घरात कुणाला ठाऊक असणार? आईला सवय लागली म्हणून मुलाने एक दिवस पट्ट्याच कचऱ्यात टाकल्या. प्रेमापोटीच. दुसऱ्या दिवशी तिचे हात कापायला लागले, झोप उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी तिला फिट आली, आयुष्यात पहिल्यांदा.

मानसोपचारतज्ज्ञांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवली. इंग्लंडात न्यूकॅसलला डॉ. हेदर अॅश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षं फक्त ह्याच गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, त्यांची वाटही सावकाश उतरण्याचीच. मावशीला नऊ महिने लागले.

दारू, किंवा ट्रामाडॉल, कोडीनसारखी दुखण्या-खोकल्यावरची औषधं सोबत असतील तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, म्हणून इतर काय चालू आहे ते मी विचारतो. राग मानू नका. वयस्कर माणूस असेल तर रात्री बाथरूमला उठताना दिवा लावायला सांगतो, कारण तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. गोळीची गुंगी असताना स्कूटरला किल्ली लावायची नाही, हेही सांगतोच.

कायद्याचं म्हणाल, तर अल्प्राझोलॅम शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत. २०१४ पासून अशा प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षं जपावी लागते. पण मला वहीपेक्षा मावशीचा ओटा आठवतो.

म्हणूनच कुणी म्हणालं, "वर्षभर रोज घेतेय, आज संपल्या," तर नुसतं नाही म्हणून मी परत पाठवत नाही. गोळी एकदम तुटली तर मावशीचंच व्हायचं. बाकावर बसवतो, त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावतो. डॉक्टरच नसतील तर १४४१६ लावतो, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत आहे, मराठीत बोलतात. फोन लागेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगतो. थांबतात लोक.