साठ ताटं, पन्नासचं पीठ

परवा सोसायटीतली एक मैत्रीण जिन्यात भेटली. येत्या मे महिन्यात ती मुलांना घेऊन अमेरिकेत ऑर्लँडोला निघालीय, दीर तिकडेच असतो. "तुम्ही गेला होतात ना डिस्नेला? ते जेवणाचे पैसे आधीच भरून टाकतात, ते घ्यावं का गं?" एवढंच तिनं विचारलं. मी दुधाची पिशवी हातात धरून तिला वीस मिनिटं उभी केली. शेवटी दूध नासेल म्हणून लिहून पाठवते म्हटलं.

सुरुवात आईच्या मेसपासून करावी लागेल.

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत आईनं बावीस वर्षं मेस चालवली. कॉलेजची पोरं, नवीन नोकरीला लागलेले क्लार्क, दवाखान्यातले दोन-तीन कंपाउंडर. महिन्याला साठ ताटं, पैसे एक तारखेच्या आत. प्रत्येक मेंबरला पिवळ्या पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर साठ चौकोन, जेवायला बसला की आई बॉलपेननं फुली मारायची. पेन कार्डाला भोक पडेल इतकं दाबून, का तर पोरं खोडरबर वापरायची. रविवारी दुपारी फीस्ट. सलग तीन दिवस गावाला जाणार असाल आणि आदल्या दिवशी सांगितलंत तर खाडा धरणार, नाहीतर ताट गेलं.

आणि ती नेहमी गेलीच. कुणी मित्राच्या वाढदिवसाला, कुणी पार्क चौपाटीवर भेळ खाऊन आला म्हणून, कुणी नुसता झोपून राहिला म्हणून. मी आठवीत होते तेव्हा तिला विचारलं होतं, एवढ्या पैशात तुला परवडतं कसं? ती म्हणाली, "पोरं पैसे साठ ताटांचे देतेत, जेवतेत पन्नास. मी कणीक पन्नासचीच भिजवते."

आता डिस्ने, म्हणजे ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड.

2024 च्या मे अखेरीस आम्ही गेलो. अटलांटाहून दादा आणि वहिनी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन, आणि सोलापूरहून आम्ही चौघं: मी, नवरा, आमचं पोरगं आणि आई. अटलांटा ते ऑर्लँडो सातेकशे किलोमीटर, दादाच्या गाडीनं. राहायचं डिस्नेच्याच स्वस्तातल्या हॉटेलात, चार रात्री, दोन खोल्या. बुकिंग करताना दादाचा फोन आला, "ताई, डायनिंग प्लॅन घ्यायचा का? सगळं आधीच भरून टाकू, तिथं पाकीट काढायला नको." तो माझ्यापेक्षा मोठा, पण पैशाचं काही विचारायचं असलं की मला ताई म्हणतो.

मी दिवसभर एका सीएच्या ऑफिसात टॅलीसमोर बसते. म्हटलं, आकडे पाठव.

हा प्लॅन 2020 मध्ये बंद पडला होता, तो 9 जानेवारी 2024 पासून पुन्हा सुरू झालेला. मिळतो फक्त डिस्नेच्या हॉटेलात पॅकेज घेऊन राहणाऱ्यांना, आणि मोजतात रात्रींवर. स्वस्तातला प्लॅन म्हणजे काउंटरवरून आपलं आपण उचलून आणायची दोन जेवणं, एक खाऊ, आणि हॉटेलात कितीही वेळा भरून घेता येईल असा एक मग. 2024 ला त्याचा दर मोठ्या माणसाला एका रात्रीचे 57.01 डॉलर आणि 3 ते 9 वर्षांच्या मुलाला 23.83. महागड्यात एक काउंटरचं जेवण, एक टेबलावर बसून वाढून घ्यायचं जेवण, खाऊ आणि मग. मोठ्याला 94.28, लहानाला 29.69. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी एकच प्लॅन घ्यायचा. नवऱ्यानं घेतला आणि सासूबाईंनी नाही, असं चालत नाही.

ग्यानबाची मेख त्या 9 मध्ये होती. आमच्या पोराला एप्रिलमध्ये दहावं लागून संपलं, म्हणजे दहा पूर्ण. डिस्नेच्या लेखी तो मोठा माणूस झाला. घरी दीड पोळी आणि वरणभात यापुढे ज्याची मजल जात नाही त्याचे दिवसाला 57 डॉलर. नऊच्या दरात आणि त्याच्या दरात चार रात्रींचा फरक जवळजवळ 133 डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावानं अकरा हजार रुपये. वाढदिवस दोन महिने पुढे असता तर, असा विचार मी केला. आई म्हणून लाज वाटली, अकाउंटंट म्हणून नाही.

आमच्या खोलीचे चौघांचे चार रात्रींचे झाले 912 डॉलर आणि वर 16 सेंट. पंचाहत्तर हजारांच्या पुढे. त्यात बत्तीस जेवणं, सोळा खाऊ, चार मग. मी बाहेरचे दर काढले. काउंटरवर एक पदार्थ साधारण 12 ते 16 डॉलर, कोल्ड्रिंक घेतलं तर वर चार-साडेचार, मिकीच्या कानांची आइसक्रीम सहाच्या आसपास, मग विकत घेतला तर बावीसेक. सगळं सगळं घेतलं, दोन्ही वेळा कोल्ड्रिंकसकट, तरी माणशी दिवसाचे पन्नासच्या आगेमागे येत होते. सत्तावन्न नाही. गारेगार पाणी काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं, आणि आमच्याकडे कोल्ड्रिंक पितो एकटा पोरगा. एकवीस वर्षांवरच्यांना त्या जेवणातच बिअर घेता येते आणि तिथली बिअर महाग, त्यामुळे पिणाऱ्याचं गणित सुधारतं हे खरं. आमच्या घरात बिअर आली ती एकदाच, माझ्या लग्नाआधी केसांना लावायला.

तरी मी ठरवू शकत नव्हते. फरक काही फार मोठा नव्हता आणि दादा म्हणत होता ते खरं होतं, सुट्टीत दर वेळी पाकीट काढताना जीव खालीवर होतो. मग एका रात्री गच्चीवर, 42 डिग्रीचा दिवस उतरल्यावर, मी आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं डिस्ने म्हणजे काय हे विचारलं नाही. तिनं विचारलं, "खाडा धरतेत का?"

नाही. न वापरलेलं जेवण निघायच्या दिवशी मध्यरात्री संपतं. पैसे परत नाहीत.

"मग ती मेसच की. किती खाडे होतील ते बघ, दर काय बघायलीस?"

आणि ती बोटं मोडून मोजायला लागली. सोमवारी तिचा उपास, सिद्धेश्वर महाराजांचा, तो ती विमानातसुद्धा सोडत नाही. दोन ताटं गेली. संध्याकाळी ती तसंही दूधभात खाते. पोरगं एकदा फिरायला लागलं की जेवत नाही. नवऱ्याला उन्हात भूक नसते. बत्तीस ताटांपैकी तिनं अकरा खाडे काढले, दहा मिनिटांत, टॅलीशिवाय.

आम्ही प्लॅन घेतला नाही. दादानं घेतला, महागडा. त्याची मुलगी सहाची, तिला मिकीबरोबर बसून जेवायचं होतं, आणि वहिनीनं साठ दिवस आधी टेबलांचं बुकिंग उघडतं त्या पहाटे उठून दोन जागा धरल्या होत्या. त्यांच्या तिघांचे चार रात्रींचे बरोब्बर 873 डॉलर.

प्लॅन नसल्यानं आमच्या बॅगेत दुसरंच काही होतं. डिस्ने वर्ल्डच्या पार्कांत बाहेरचं खाणं नेता येतं. काचेची बाटली नको, दारू नको आणि तिथं गरम करून द्यावं लागेल असं काही नको. आपल्याकडच्या एका पार्काच्या गेटवर माझ्या पर्समधल्या चकल्या काढून टोपलीत टाकल्या होत्या, त्यामुळे माझा विश्वास बसेना. फ्लोरिडातल्या माणसानं पिशवी उघडली. आत कडक भाकरीचे दोन पुडे, शेंगा चटणीचा डबा, राजगिऱ्याचे लाडू. त्यानं भाकरी उलटसुलट बघितली, हसला आणि पिशवी परत दिली.

तिथल्या मॅजिक किंगडम पार्कात किल्ल्यासमोर एका बाकावर बसून आम्ही कडक भाकरी मोडली. बाजरीची. ती मोडताना होतो तो आवाज ऐकून शेजारचं एक कुटुंब वळून बघायला लागलं. आईनं चटणीत दही कालवलं (दही दादानं आदल्या रात्री दुकानातून आणून खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलेलं), भाकरीचा तुकडा चमच्यासारखा धरला आणि कारंज्याकडे बघत खात राहिली. चटणी आमच्या घरची उखळात कुटलेली, तेल सुटलेली, बोटांना लाल रंग राहतो ती. हे सगळं चोवीस तास एसीत राहिलेल्या लोकांना आवडेल असं मी म्हणत नाही. पण तिथली दमट हवा सोलापूरच्या उन्हाची नाही. आम्ही बेचाळीस डिग्रीचे सराईत असा तोरा होता, तो पहिल्या दुपारीच उतरला. अंग नुसतं चिकट, त्यात तीनच्या सुमारास ढग फुटल्यासारखा पाऊस. अशा हवेत तळलेलं आणि चीज लावलेलं समोर आलं की नको वाटतं, आंबट-तिखट काहीतरी लागतं.

शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही, तेवढं सांगते. पूर्णपणे वनस्पतीजन्य पदार्थांपुढे मेनूत हिरव्या पानाची खूण असते, अ‍ॅपवरून ऑर्डर देता येते. पोरगं आणि आई मिळून एक ताट पुरे व्हायचं. प्लॅन असता तर दोघांची दोन ताटं कापली गेली असती.

एका संध्याकाळी मात्र आम्हीही टेबलावर जेवलो. डिस्नेच्याच अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात सना नावाचं एक ठिकाण आहे, आफ्रिकन जेवण, पण हिंदुस्थानी वळणाचं. खिडकीबाहेर माळरान, त्यावर खरेखुरे झेब्रे आणि जिराफ. तिथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे नान आणि इतर रोट्यांची परडी आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या, कोथिंबिरीची, चिंचेची, लसणाचं लोणचं वगैरे. इथं दादाची गंमत झाली. प्लॅनमध्ये मुख्य पदार्थ, गोड आणि पेय येतं, सुरुवातीचे पदार्थ येत नाहीत. रोट्यांची परडी मोडते सुरुवातीच्यात. तो आपला पैसे भरलेलं सगळं संपवायचं म्हणून मोठं ताट मागवून बसला आणि हात आमच्या परडीत. आईनं नऊच्या नऊ चटण्या ओळीनं चाखल्या. बाहेर जिराफ मान खाली घालून काहीतरी चघळत होता. "लसूण बरी आहे," ती म्हणाली, "पण कुटलेली नाही, मिक्सरची आहे." बिल आल्यावर दादाला कळलं की टीपही प्लॅनमध्ये नसते. ती वरून द्यावीच लागते, अठरा-वीस टक्के.

आमचा खाण्याचा सगळा खर्च झाला 611 डॉलर, सना धरून. तीनशे वाचले.

पण एक गोष्ट मैत्रिणीला जिन्यात सांगितली नाही, ती इथं लिहिते. पोरानं पहिल्यांदा मिकीच्या कानांची आइसक्रीम मागितली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पाचशे रुपये!" दुसऱ्यांदा मागितली तेव्हा मी काही बोलले नाही, नुसतं पाकीट काढलं, पण त्यानं माझा चेहरा बघितला असावा. तिसऱ्या दिवशी पॉपकॉर्नच्या गाडीपुढे तो थांबला, दर वाचला, त्र्याऐंशीनं गुणाकार केला आणि पुढे चालायला लागला. दहा वर्षांचं पोर. पलीकडे त्याची मामेबहीण तोंडभर आइसक्रीम माखून बसलेली, कारण तिच्या बापाच्या लेखी ती आधीच देऊन झालेली होती. वाचलेल्या तीनशेतले किती या गुणाकारात गेले, ते मी टॅलीत कुठं टाकू?

तेव्हा मैत्रिणी, तुला सांगायचं तर, तुझी दोन्ही मुलं नऊच्या आतली आहेत. 2026 साठी डिस्नेनं असं ठेवलंय की मोठ्यांनी प्लॅन विकत घेतला तर 3 ते 9 वयाच्या मुलांचा फुकट. तुमचं गणित आमच्यासारखं नाही. तुम्हाला मिकीबरोबर जेवायचंय, तुझ्या नवऱ्याला बिअर चालते, आणि तुमच्याकडे उपास फक्त आषाढीला. तुम्ही घ्या. पण घ्यायच्या आधी एक कागद घे, दिवस मांड आणि कोण कधी जेवणार नाही ते खरं खरं लिही. सासूबाई येणार असतील तर त्यांच्यासमोर लिही.

दादाचे शेवटच्या संध्याकाळी सात खाऊ शिल्लक होते. सकाळी निघायचं, राहिले तर वाया जाणार म्हणून तो आणि वहिनी हॉटेलच्या दुकानात पळाले आणि मिकीच्या तोंडाच्या आकाराचे मुरमुऱ्यांचे चिकट लाडू, पाकीटबंद, सात घेऊन आले. पोटात कुणाच्याच जागा नव्हती. आई पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर बावीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं असं हसू. "आण इकडं," म्हणाली आणि सातही आपल्या बॅगेत टाकले.

सोलापूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं ते वाड्यातल्या पोरांना वाटले. एकानं विचारलं, आजी, हे काय आहे? ती म्हणाली, "खाड्याचं आहे, खा."