शेवटचे साडेतीन किलोमीटर

७ जानेवारी २०२४. टूर द स्की, म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीइंगची अनेक टप्प्यांची शर्यत; सगळ्या टप्प्यांची मिळून ज्याची वेळ सर्वात कमी तो टूर जिंकतो. तिचा हा सातवा आणि शेवटचा टप्पा. इटलीतल्या व्हाल दी फिएमे खोऱ्यात १० किलोमीटरची शर्यत. त्यातले शेवटचे साडेतीन किलोमीटर आल्पे चेर्मिसच्या उतारावर, ज्या पट्टीवरून एरवी लोक खाली घसरत येतात तिच्यावरून वर चढायचे. निकालाचा अंदाज शर्यत सुटायच्या आत द्यायचा, हे माझं त्या दिवशीचं काम.

सकाळी हाताशी जो तक्ता होता, तो आधीच्या वर्षांच्या पूर्ण शर्यतीच्या वेळांवरून केलेला होता, आणि तिथेच तो फसत होता. सपाटीवर ताशी २५ किलोमीटरच्या वेगात हवा कापायला ९० वॅटच्या आसपास ताकद जाते. पुढच्याच्या पाठीशी चिकटून राहिलं की त्यातला बराच भाग वाचतो. त्यामुळे सगळे एकत्र सुटले की ताकदवान आणि मध्यम स्पर्धक पायथ्याशी जवळपास एकाच वेळी पोचतात. या सपाटीच्या वेळा चढाच्या वेळांत मिसळल्या की चांगल्या चढणाऱ्यांची खरी आघाडी झाकली जाते. म्हणून चढाच्या वेळा वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकाचं अंतर सेकंदांऐवजी सर्वात वेगवान चढणाऱ्याच्या वेळेच्या टक्क्यांत मांडलं. बर्फ दरवर्षी वेगळा असतो. सेकंद वर्षावर्षाला बदलतात, टक्के बरेच टिकतात.

चढाचं गणित सरळ आहे. उंची सुमारे ४२५ मीटर, सरासरी चढ १२ टक्के, सर्वात उभा तुकडा २८ टक्के. स्पर्धक आणि सामान मिळून ७५ किलो, चढाला १८ मिनिटं धरली, तर नुसतं वजन वर न्यायला २९० वॅट लागतात. घर्षणाचे साधारण ७० वॅट वेगळे. हवेचे जेमतेम दहा. म्हणजे इथे कोणाच्या आडोशाला लपून काही वाचत नाही. एक किलो जास्तीचं वजन सुमारे १४ सेकंदांना पडतं. स्कीच्या तळाला लावायचं वॅक्स (मेण) त्या दिवशीच्या बर्फासाठी चुकलं आणि घर्षण सहाव्या हिश्शाने वाढलं, तर अर्ध्या मिनिटाहून जास्त जातं. उभ्या चढावर स्कीच्या घसरणीला महत्त्व नसतं असं बरेच जण म्हणतात. २८ टक्क्यांच्या तुकड्यापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे, पण पूर्ण चढाला लावलं की अंदाज बिघडतो.

त्या उभ्या तुकड्यावर पावलं बघावीत. खाली दर ढकलीला स्की लांब सरकते. वर येता येता स्कीचा व्ही आकार रुंदावतो, सरक हातभर उरते आणि काठ्या एकामागून एक, घाईघाईने रोवल्या जायला लागतात. वाट आखणाऱ्या फाटकांमधून नागमोडी वळणं असतात. आतल्या बाजूने गेलं तर अंतर कमी पण चढ उभा, बाहेरून उलट. ज्याने पायथ्यालाच जोर काढला त्याची लय इथे तुटते. सपाटीवर लय तुटली तरी स्की थोडी पुढे वाहते. इथे पाऊल थांबलं की माणूस जागेवरच थांबतो आणि पुन्हा शून्यातून वेग घ्यावा लागतो. मोठी पिछाडी बहुतेक वेळा इथलीच असते, म्हणून दमलेला स्पर्धक अपेक्षेपेक्षा खूपच मागे पडण्याची शक्यता अंदाजात जास्त धरावी लागते. शिवाय आदल्याच दिवशी १५ किलोमीटरची क्लासिक (स्की समांतर ठेवून धावायची) शर्यत झालेली.

महिलांत अमेरिकेची सोफिया लॉक्ली चढाच्या तक्त्यात सर्वात वर आली होती. डोंगरवाटांवर धावण्यातही ती पहिल्या फळीतली. टप्पा तिनेच जिंकला. पुरुषांत मात्र फ्रान्सच्या ज्यूल लापिएरला मी पहिला धरलं नव्हतं, आणि टप्पा त्याने घेतला. दोघांचाही विश्वचषकातला हा पहिलाच विजय. तक्त्यातला ‘आधीचे विजय’ हा रकाना दोघांनाही शून्य गुण देत होता. तो मी त्याच संध्याकाळी काढून टाकला.

टूर कोण जिंकणार, हा प्रश्न पूर्ण वेगळा. त्याला आधीच्या टप्प्यांच्या एकूण वेळेतली आघाडी आणि चढावर होणारं नुकसान एवढंच लागतं. मागचा स्पर्धक चढावर ३ टक्क्यांनी वेगवान असेल तर १८ मिनिटांत तो ३२ सेकंद खातो. ४० सेकंदांची आघाडी तगते, २५ ची जाते. पूर्वी आघाडीच्या क्रमाने एकेक जण सुटायचा तेव्हा हे उघड्या डोळ्यांनी दिसायचं. २०१७ मध्ये स्प्रिंटची (छोट्या अंतराच्या शर्यतीची) तरबेज खेळाडू स्टिना निल्सन सर्वांच्या आधी निघाली आणि तिसरी आली. टूर हाइडी वेंगने नेली. २०२० पासून सगळे एकत्र सुटतात, त्यामुळे वर पोचलेला पहिला आणि टूरचा विजेता एकच असेल असं नाही. त्या दिवशीही आघाडीवरच्या जेसी डिगिन्स आणि हाराल्ड ओस्टबर्ग आमुन्सेन यांनी टप्पा न जिंकता टूर राखली.

लापिएरच्या बाबतीत चूक कुठे झाली हे शोधताना वाटलं ते असं. टूरमध्ये वरच्या क्रमांकावर असलेल्याला पाठीमागच्या नेमक्या प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवून चढावं लागतं, तो पुढे निसटला तर त्याचा पाठलाग करावा लागतो. फक्त टप्प्यावर डोळा असलेला स्वतःच्या लयीत चढतो. म्हणून आता तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: या स्पर्धकाचं टूरमधलं स्थान आज धोक्यात आहे की नाही. अंदाजात त्या रकान्याला किती महत्त्व द्यायचं, ते पुढच्या चढांच्या वेळा बघून ठरवायचं आहे.