टेपच्या शेवटी उरलेली चार मिनिटं

जुन्या व्हिडिओ टेप डिजिटाइझ करायचं काम करतो. लोकांना वाटतं टेप टाकली, प्ले दाबलं, झाली फाइल. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडलेली यू-मॅटिक, म्हणजे तेव्हाची जाडजूड व्हिडिओ कॅसेट, अशी चालत नसते हो. चित्र साठवणारा ऑक्साइडचा थर टेपला धरून ठेवणारा गोंद, म्हणजे बाइंडर, हवेतलं पाणी पिऊन चिकट होतो, मग टेप वाचणारं हेड चोक होतं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. म्हणून आधी टेप पन्नासेक डिग्रीला कित्येक तास शेकायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, मगच मशीनला लावायची. घाईघाईत तशीच चालवून ऑक्साइड खरवडून काढणारे बघितले की माझं डोकंच फिरतं.

त्या दिवशी एका संस्थेची कॅसेट होती, लेबलवर सत्कार समारंभ. हार, शाल, भाषणं, सगळं रंगीत. समारंभ संपला तरी मी कॅप्चर थांबवत नाही, टेप संपेपर्यंत चालू ठेवतो. चित्र फाटल्यासारखं हललं, टाइम बेस करेक्टरने, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करणाऱ्या यंत्राने, पकडलं आणि समोर ब्लॅक अँड व्हाइट! स्टुडिओतलं घर, एक बाई चहाचा कप घेऊन आत येते, टेबलावर ठेवते आणि वाक्य विसरते. बाहेरून कुणीतरी शब्द पुरवतं. ती काही न बोलता कप उचलते, दाराबाहेर जाते आणि पहिल्यापासून सगळं परत करते, अगदी तेच हसू. तेव्हा एडिटिंग म्हणजे खर्च आणि वेळ, त्यामुळे दोन-तीन कॅमेरे लावून मिक्सरवर जागच्या जागी कट करत अख्खा सीन सलग घ्यायचे, चूक झाली की सीन पहिल्यापासून.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ ला, रंग आला १९८२ ला, म्हणजे हे बहुतेक त्या दहा वर्षांतलं. प्रभावळकर-कर्व्यांचा चिमणराव-गुंड्याभाऊ गाजला तोच काळ. टेप महाग, म्हणून वरून दुसरं रेकॉर्ड करायचं. कॅसेटच्या तळाशी लाल बटण असतं, ते काढलं की वर रेकॉर्डिंग होत नाही. इथे ते जागच्या जागी होतं. कार्यक्रमाचं नाव आणि तारखेची पाटी टेपच्या सुरुवातीला असते, म्हणजे पहिल्यांदा पुसली गेली तीच. बीबीसीसारख्या ठिकाणीसुद्धा ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच गेले, त्यातले नऊ २०१३ मध्ये नायजेरियातून परत मिळाले, कारण परदेशी दाखवायला फिल्म प्रिंट काढल्या होत्या. या टेपची अशी दुसरी प्रत कुठे असेल असं मला वाटत नाही.

संस्थेचे गृहस्थ म्हणाले, ‘लेबलवर आहे तेवढंच द्या, बाकीचं कट करा.’ आपल्याकडे हेच होतं, समारंभ जपायचा आणि काम फेकायचं. मी वेगळी फाइल करून त्यांच्याच हार्ड डिस्कवर दिलीये, यादीत लिहिलंय ‘अनोळखी नाटक, कृष्णधवल, आवाजासह’. त्या काळात स्टुडिओत काम केलेल्या एका काकांना फोनवर आवाज ऐकवला, ते म्हणाले बाई ओळखीच्या वाटतात पण चेहरा बघितल्याशिवाय नाव घेणार नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जातोय.