मामाजींचा खुबा आणि पॉलिसीतली बटई

२०२४ चा डिसेंबर होता. दुसरा वेचा घरात आला होता, पुढच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस. मामाजी पहाटे गोठ्याकडे निघाले आणि ओल्या फरशीवर पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. गावातल्याच एकाची गाडी करून आधी तालुक्याला नेलं, तिथून एक्स-रे घेऊन नागपूरला.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डाची दुरुस्ती, सगळ्या गावाचे कागद माझ्या टेबलावरून जातात. मामाजी ६४ वर्षांचे असताना त्यांची आरोग्य पॉलिसीही मीच पुढाकार घेऊन काढली होती. तीन लाखांची. एजंट म्हणाला होता, "तीन लाखांपर्यंत सगळं कॅशलेस, ताई." मी पहिल्या पानावरची रक्कम पाहिली आणि मामाजींची सही घेतली. आतली पानं तेव्हा वाचली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑपरेशन चांगलं झालं. सहा दिवसांनी सकाळी अकराला डॉक्टरांनी सुट्टी दिली. विमा कंपनीचं पत्र आलं संध्याकाळी साडेसातला. दवाखान्याकडून डिस्चार्जची विनंती गेल्यावर कंपनीनं तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असा विमा नियामकाचा नियम २०२४ च्या मे महिन्यातच आला होता. उशिरामुळे दवाखान्याचा खर्च वाढला तर तो कंपनीनं सोसायचा, असंही त्यात आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर दुपारी दोनलाच काउंटरवर जाऊन विचारलं असतं.

काउंटरवरच्या मुलीनं कागद सरकवला. बिल २,०६,००० रुपये. कंपनी देणार १,२२,४००. आम्ही भरायचे ८३,६००.

मागे व्हीलचेअरवर मामाजी बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, तीन लाखाचा विमा हाय ना आपला? मंग हे कायचे पैसे?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर घरी त्या कागदावर चार रात्री बसले, तेव्हा कुठं कळलं. इथं नीट मांडते, कारण गावागावात हेच होतंय.

सगळ्यात मोठा घाव खोलीचा होता. आमच्या पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंतच धरलं जातं. आम्ही घेतली ५,००० ची खोली. सासूबाईंना रात्री सोबत राहता यावं एवढंच मनात होतं. वाटलं, वरचे दोन हजार आपण भरू, सहा दिवसांचे बारा हजार. पण हिशेब असा नसतो. बहुतेक दवाखान्यांत खोली जशी वरची, तशी सर्जनची फी, भुलीच्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचे दर वर जातात. म्हणून कंपनी ते खर्चही खोलीच्याच प्रमाणात कापते. पाचातले तीन मान्य, म्हणजे ६० टक्के. हे खर्च ८०,००० होते, त्यातले ४८,००० धरले. ३२,००० तिथंच गेले. औषधं, तपासण्या आणि खुब्यात बसवलेला इम्प्लांट यांना मात्र ही कात्री लावता येत नाही. ते आमचे २८,०००, १४,००० आणि ४५,००० पूर्ण धरले गेले.

हातमोजे आणि तसलं किरकोळ सामान ९,००० चं होतं. ते न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत. यादी पॉलिसीच्या मागच्या पानांवर छापलेली असते. तिच्यावर फार बोलण्यासारखं नाही, ते पैसे आपलेच समजायचे.

एवढं सगळं कापून कंपनीनं मान्य केलेली रक्कम उरली १,५३,०००. आणि आता आला को-पेमेंट, म्हणजे मान्य रकमेतलाही आपण भरायचा ठरलेला वाटा. ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत तो असतो, आमच्यात २० टक्के. मान्य झालेल्या रकमेतलेही ३०,६०० आमचे. खोलीचे १२,०००, त्या खोलीपायी कापलेले ३२,०००, सामानाचे ९,००० आणि हे ३०,६००. झाले ८३,६००.

मामाजींना मी हे खाटेजवळ बसून वही-पेनानं समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बटई. पाचातला एक वाटा आपला."

मला दोन वर्षं कोणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं. वावर बटईनं दिलं की जे होईल त्यात वाटा, मक्त्यानं दिलं की ठरलेली रक्कम. को-पेमेंट बटईसारखा आहे, खर्च जितका वाढेल तितका आपला वाटाही वाढतो. काही पॉलिसींत डिडक्टिबल नावाची अट असते, टॉप-अपमध्ये, म्हणजे मूळ विम्याच्या वर घेतलेल्या जादा पॉलिसीत, तर असतेच. ती मक्त्यासारखी. ठरलेल्या रकमेपर्यंत आपण भरायचं, त्याच्यावर कंपनी. आता केंद्रात कोणी विचारलं तर मी मामाजींच्याच शब्दांत सांगते, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

भरती करताना आम्ही २०,००० भरले होते. उरलेले ६३,६०० त्या रात्री हवे होते. यांनी गावातून फोन फिरवले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ७,५२१ होता, पण खरेदी केंद्रावर नंबर लावून पैसे खात्यात यायला थांबावं लागतं. व्यापाऱ्यानं ६,९०० दिले आणि पैसे लगेच पाठवले. नऊ क्विंटल गेला, ६२,१०० आले. क्विंटलमागे ६२१ रुपयांचा तोटा, म्हणजे ५,५८९ रुपये. हा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही. सासूबाईंनी स्वतः वेचलेला कापूस होता तो.

घरी आल्यावर वॉकर घेतला, तोही त्या न मिळणाऱ्यांत. पुढच्या ६० दिवसांतल्या औषधांची बिलं आमच्या पॉलिसीत मागता येत होती. ६,५०० ची लावली, ५,२०० मिळाले. तिथंही बटई.

खरी हळहळ वेगळीच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत चालते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, आणि पांढरं रेशनकार्ड असलेलेही त्यात आहेत. योजनेत बसणाऱ्या उपचाराला दवाखान्यात पैसा भरायचा नाही, बटई नाही. पण गाडीवाल्यानं ओळखीच्या दवाखान्यात नेलं, तो योजनेत नव्हता, आणि त्या घाईत आमच्यापैकी कोणालाही विचारायचं सुचलं नाही. आता केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरात १५५३८८ हा योजनेचा नंबर लावलाय. गाडी निघायच्या आधी एक फोन करा, हा दवाखाना योजनेत आहे का आणि हेच ऑपरेशन तिथं योजनेतून होतं का, दोन्ही विचारा. दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला गाठा.

खाजगी पॉलिसी घेऊ नका असं मी म्हणत नाही. त्या रात्री १,२२,४०० रुपये कंपनीनंच भरले, नाहीतर सगळा कापूस गेला असता आणि वर सावकारही लागला असता. को-पेमेंटमुळे हप्ता कमी बसतो, हेही खरं. पण तो वाटा किती ते सही करायच्या आधी कळलं पाहिजे. जानेवारी २०२४ पासून पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावंच लागतं, आणि मागितलं तर मराठीतही. त्यात खोलीची मर्यादा, को-पेमेंट, जुन्या आजाराला किती थांबायचं, सगळं थोडक्यात असतं. एजंटला एकच वाक्य म्हणा: "दोन लाखांचं बिल झालं तर माझ्या खिशातून किती, ते लिहून द्या." आमच्याच बिलात ३,००० ची खोली घेतली असती आणि बाकीचे दर तेच राहिले असते, तरी ८३,६०० च्या जागी ४६,००० भरावे लागले असते.

मागच्या हंगामात कापूस विकला तेव्हा ४०,००० रुपये मामाजींच्या नावानं पोस्टात वेगळे टाकले. पॉलिसीच्या पिशवीतच ते पासबुक ठेवलंय. मामाजी आता काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात. फरशीवर यांनी खरबरीत टाइल्स बसवल्या.

शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलानं पुण्याहून पॉलिसी काढून पाठवलीय. उद्या दुपारी त्या कागद घेऊन केंद्रात येणार आहेत. त्यांना म्हटलं, सगळी पानं आणा, मागचीही.