नोंद नाही

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला तेव्हा मी माण तालुक्यात एका बांधावर उभी होते आणि समोरचे आजोबा बाजरीचं काय झालं ते सांगत होते. निरोपात विषय दिला होता, 'शाळेने मला काय दिले', आणि शब्दमर्यादा पाचशे. ती पाळली जाणार नाही. संपादक मंडळानं खुशाल कात्री चालवावी, फक्त सरांचा भाग कापू नये.

भूगोलाचे सर म्हटल्यावर आमच्या आगेमागे शिकलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागणार नाही. नाव मुद्दामच लिहीत नाही. त्यांना नाव छापून आलेलं खपत नसे. एकदा पेपरात त्यांचा फोटो आला, तर पुढचा आठवडाभर ते शिक्षकखोलीत न बसता प्रयोगशाळेत जाऊन बसायचे.

मैदानाच्या कोपऱ्यात, मुलींच्या नळकोंडाळ्यामागे, तारेच्या कुंपणात आपला पर्जन्यमापक होता. आत नरसाळं, त्याखाली बाटली आणि बाजूला मोजपात्र. क्रिकेटचा चेंडू कुंपणात गेला की सरांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, हा नियम सगळ्यांना आठवत असेल. हा मापक गच्चीवर का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "गच्चीवर वारा पाऊस पळवून नेतो. पाऊस जमिनीवर पडतो, तिथंच मोजायचा." रोज सकाळी साडेआठला मोजायचा, कारण देशभर हवामान खात्याचा पाऊस त्याच वेळी मोजतात. आमचे वर्ग सकाळचे, म्हणून ते काम दुसऱ्या तासाच्या मधे यायचं आणि माझा तास संस्कृतचा होता. या कामावर माझं एवढं प्रेम का होतं, ते आता तरी बाईंनी समजून घ्यावं.

काम मला मिळालं ते हुशारीमुळे नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर, सातारा-दहिवडी मार्गावर. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात सरांना हे कळलं आणि तेव्हापासून मी त्यांच्या हिशेबी फार महत्त्वाची व्यक्ती झाले. "वडिलांना विचार, मलवडीचा ओढा वाहिला का? दहिवडीत रस्ता ओला होता का?" वडीलही मग संध्याकाळी जेवायच्या आधी पावसाचा अहवाल द्यायला लागले. आई म्हणायची, तिकिटाचे पैसे मोजायला विसराल, पण सरांचा पाऊस विसरणार नाही.

वर्गात जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. सर त्याच्या डाव्या टोकाला महाबळेश्वरवर काठी ठेवायचे. इथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर. मग काठी सरकत उजवीकडे म्हसवडवर. इथं पाचशेच्या आसपास. दोन्हींची बेरीज करून भागिले दोन, फळ्यावर उत्तर. "आता सांगा, हा पाऊस कुठल्या गावात पडला?" हात कुणाचाच वर जायचा नाही. "सरासरीचा पाऊस कुणाच्याच शेतात पडत नाही," असं म्हणून ते हात झटकायचे आणि खडूची धूळ पहिल्या बाकावर उडायची. मी पहिल्या बाकावर होते.

आता खरं सांगायचं ते सांगते. जुलै १९९०. रात्रभर झड लागलेली, मैदानात घोट्याएवढा चिखल. त्या दिवशी माझी वक्तृत्व स्पर्धा होती आणि आईनं पांढरे मोजे निळीत घालून दिले होते. साडेआठला मी वर्गाबाहेर पडले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि चिखलाकडे बघून परत फिरले. खांबाआड उभी राहून रजिस्टरमध्ये लिहिलं, १२.४. आदल्या दिवशी १४ होता, त्यापूर्वी ११. मधला आकडा शोभून दिसला. दशांश टाकला की खरा वाटतो, एवढी अक्कल तेराव्या वर्षीसुद्धा असते.

तास संपल्यावर रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेवलं. सर ओलेचिंब होते. ते साडेआठ वाजल्यापासून छत्री घेऊन कुंपणापाशी माझी वाट बघत उभे होते. आदल्या संध्याकाळी नरसाळं गळतंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून ते काढून मोती चौकाकडे डाग लावायला दिलं होतं, आणि आज मोजायचं नाही हे सांगायला ते तिथं थांबले होते. म्हणजे जागेवर नसलेल्या मापकात मी पाऊस पाडला होता. १२.४ मिलिमीटर.

मला वाटलं आता छडी. सरांनी रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं. "दशांशासकट. वा." मग पट्टी घेतली, त्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिलं, 'नोंद नाही'. मला म्हणाले, सही कर. मी रडत विचारलं, "सर, शून्य लिहू का?" त्यावर ते पहिल्यांदा चिडले. "शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. पाऊस रात्रभर पडला, आपण मोजला नाही. या दोन गोष्टी एक कशा होतील?" वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला नाही. मोजे पांढरेच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काम माझ्याकडेच राहिलं. ते काढून घेतलं असतं तर बहुधा ही गोष्ट मी विसरून गेले असते.

शाळेत सांगण्यासारखं पुढचं असं, की सातारा-पुण्यात शिकून, चार वर्षं नोकरी करून २००५ च्या सप्टेंबरात मी नेदरलँड्समधल्या द हेग शहरात विकास-अर्थशास्त्राचं एमए करायला गेले. डच सरकारची शिष्यवृत्ती होती. आपल्या शाळेतून त्या संस्थेत गेलेली मी पहिलीच असावी. दुसरं कुणी असेल तर माफ करावं. इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज हे तिचं नाव, स्थापना १९५२ ची, सगळे आयएसएसच म्हणतात. शिक्षण साडेपंधरा महिन्यांचं. सप्टेंबरात सुरू होतं, पुढच्या डिसेंबरात संपतं, म्हणजे वाट्याला दोन हिवाळे येतात आणि उन्हाळा मात्र एकच, तोही प्रबंधाच्या टेबलावर जातो. आमच्या वर्गातले निम्मे लोक आपापल्या सरकारांतले अधिकारी. इथिओपियाचा एक जण अर्थखात्यातला, घानाचा सांख्यिकी कार्यालयातला, इंडोनेशियाच्या दोघी नियोजन खात्यातल्या. युगांडाची माझी शेजारीण चार वर्षांची मुलगी आईकडे ठेवून आली होती. दर रविवारी ती फोनकार्ड खरवडून जिन्यात बसायची आणि कार्डावरचे पैसे संपले की तिथंच थोडा वेळ बसून राहायची. विकास म्हणजे काय यावर आम्ही वर्गात भरपूर वाद घातले. जिन्यात कुणी घातला नाही.

स्वयंपाकघर सामाईक. मी थालीपीठ लावलं की इथिओपियाचा मित्र त्याच्या इंजेराची आठवण काढायचा. ती त्यांच्या टेफ नावाच्या बारीक धान्याची, आंबवलेली, आपल्या आंबोळीच्या कुळातली. द हेगमध्ये सुरिनामहून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची दुकानं आहेत. त्यांचे पूर्वज १८७३ पासून बोटींनी मजुरीला गेलेले. तिथं तूरडाळ मिळायची आणि दुकानदार भोजपुरी वळणाचं काहीतरी बोलायचा. त्याला मी साताऱ्याची म्हटल्यावर काहीच कळलं नाही. कंदी पेढा दिल्यावर कळलं.

पहिल्याच महिन्यात आपापल्या देशातल्या ताज्या घटनेवर बोला, असं सांगितलं गेलं. मी २६ जुलै २००५ घेतला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही फळ्यावर लिहिले, बेरीज केली, भागिले दोन, आणि विचारलं की हा पाऊस मुंबईत कुठं पडला? वर्ग हसला. खडूची धूळ उडवायला खडूच नव्हता, पांढऱ्या फळ्याचा पेन होता. प्राध्यापकांनी विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, आठवी 'क'.

पण सरांची खरी आठवण आली ती जानेवारीत, रात्री अकराला, संगणकाच्या खोलीत. सरावासाठी एका देशाच्या घरोघर पाहणीचा डेटा दिलेला होता आणि दारिद्र्यरेषेखाली किती टक्के घरं ते काढायचं होतं. आमच्या गटाचं उत्तर फारच छान येत होतं. गरिबी इतकी कमी की घानाचा मित्र म्हणाला, इथंच स्थायिक होऊ. मला चैन पडेना. मी सर्वांत श्रीमंत घरांची यादी उघडली. त्यातल्या शेकडो घरांच्या उत्पन्नाच्या रकान्यात नुसतं एक टिंब होतं. स्टेटा नावाचं ते सॉफ्टवेअर रिकाम्या रकान्याला टिंब देतं आणि मनात त्याला सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं धरतं. 'उत्पन्न इतक्याहून जास्त' अशी घरं मागितली, की उत्पन्नच न सांगितलेली घरं सगळ्यांत वर जाऊन बसतात. ती घरं कुणाची, हे पाहिलं तर बरीचशी रोजंदारीवरची. पाहणीवाला दिवसा गेलेला, घरी कोण सापडणार? ज्यांची नोंद झाली नाही ते श्रीमंत झाले होते.

गटातल्या एकीनं सुचवलं, तिथं शून्य टाकू. मी इतक्या जोरात 'नाही' म्हटलं की शेजारच्या खोलीतला रखवालदार डोकावला. मग त्यांना मोज्यांची गोष्ट सांगितली. पुढे वर्षभर आमच्या गटात कुणी काही लपवलं की 'व्हाइट सॉक्स' म्हणायचे. आजही आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचं नाव तेच आहे. त्या गटात आज अदिस अबाबा, अक्रा, जकार्ता आहे. कुणी बँकेत, कुणी मंत्रालयात, एक जण सगळं सोडून कॉफी पिकवतो. कुणाकडे निवडणूक किंवा दंगल झाली की आधी तिथल्या माणसाचा 'मी ठीक आहे' येईपर्यंत कुणी दुसरं काही लिहीत नाही.

दारिद्र्यरेषेच्या तासाला आणखी एक झालं. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेली रेषा शिकवत होते. रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च, १९६०-६१ च्या किमतींनी माणशी महिना खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. मी हात वर करून सांगितलं, वि. म. दांडेकरांचा जन्म आमच्या साताऱ्याचा. प्राध्यापक म्हणाले, तुमच्या गावात पाणी कसलं आहे? मी म्हटलं, कासच्या तलावाचं.

त्याच दांडेकरांवरून सरांशी माझं एकमेव भांडण झालं, तेही पत्रातून. पीकविमा एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजून देता येणार नाही, परिसराचं सरासरी उत्पादन धरून द्यावा, असं दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडलं, आणि १९८५ ची देशव्यापी योजना त्याच धर्तीवर आली. मी सरांना लिहिलं, सरासरीचा पाऊस कुणाच्या शेतात पडत नसेल, पण प्रत्येक शेतात मापक बसवायला माणसं कुठून आणायची? त्याच पत्रात उत्साहानं हेही लिहिलं, की इथं तीनशेहून जास्त सामान्य नागरिक रोज सकाळी ठरल्या वेळी आपल्या आवारातला पाऊस मोजतात आणि सरकारी हवामान संस्थेला कळवतात. सरांचं पोस्टकार्ड आलं. पीकविम्याबद्दल एक अक्षर नाही. "त्यांची नरसाळी गळतात का, विचार. वडिलांनी कळवलंय, मलवडीचा ओढा यंदा दोनदा वाहिला."

परत आल्यावर गेली बरीच वर्षं मी शेतकऱ्यांच्या घरोघर पाहण्या करते. सात राज्यांत कामं झाली, दोन अहवाल विधिमंडळात मांडले गेले, हे या निमित्तानं नमूद करते कारण आईला ते छापून हवं आहे. मधे एका कार्यालयात मला सांगितलं गेलं, अहवाल उद्या द्यायचाय, रिकामे रकाने सरासरीनं भरून टाका. मी नकार दिला, ते काम माझ्याकडून गेलं. नंतर तो अहवाल सुबक छापून आला, एकही रकाना रिकामा नाही. हल्ली महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळात गावं कितीतरी आणि मापक एक. ज्याच्या रानात शंभर पडला आणि केंद्रावर साठ, त्याला मी काय सांगू? त्या दिवशी बाजरीवाले आजोबा हेच विचारत होते.

सर २०११ मध्ये गेले. मी तेव्हा ओडिशात होते, येता आलं नाही.

गेल्या दिवाळीत शाळेत जाऊन आले. नवी इमारत देखणी आहे, संगणक कक्ष तर आमच्या द हेगच्या खोलीपेक्षा चांगला. जुनी पाडली ती पाडायलाच हवी होती, भिंतीला ओल होती, हे मला समजतं. पण कुंपणाच्या जागी आता फरशा बसवून दुचाक्या लावतात. पर्जन्यमापक कुठं गेला, कार्यालयात कुणाला सांगता आलं नाही. मुलं मोबाइलवर पाऊस बघतात. एका मुलीला विचारलं, काल किती झाला? ती म्हणाली, सत्तर टक्के.

रजिस्टरंही सापडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी आणि रविवारी सर स्वतः सायकलवरून शाहूपुरीतून यायचे, त्यामुळे त्या वह्यांत वर्षानुवर्षांचा साताऱ्याचा रोजचा पाऊस आहे. जुनं सामान हलवताना कुणी घरी नेली असतील, रद्दीत घातली नसतील, अशी आशा आहे. हिरव्या कापडी पाठीच्या लांबट वह्या आहेत, पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात वर्ष आणि 'सकाळी ८.३०'. कुणाकडे असतील तर शाळेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. टंकलेखनाचा खर्च मी करीन. खोडलेलं काही असेल तर तसंच खोडलेलं टंकायचं आहे.

– माजी विद्यार्थिनी, दहावी 'क', १९९३